यंत्रमानवांचा मेळा आणि घरभर खोकला

कर्नाटकात दसऱ्याची मोठी सुट्टी आणि पलीकडे महाराष्ट्रात दिवाळीची. या दोन्ही सुट्ट्या सरल्या, की आपल्या सीमाभागात स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. पूर्वी या हंगामात वक्तृत्व असायचे, समूहगीत असायचे, एखादे विज्ञान प्रदर्शन असायचे आणि त्यात खाण्याचा सोडा घालून उसळणारा मातीचा ज्वालामुखी हमखास असायचा. आता त्या ज्वालामुखीची जागा रोबोटने घेतली आहे. शनिवारी पहाटे निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या स्टँडवर पाहावे. मुलांच्या हातात पुठ्ठ्याचे खोके, खोक्यात चार चाकांची गाडी, तारांचे जंजाळ, सेलोटेपने बांधलेली बॅटरी. बरोबर एक सर, दोन पालक आणि पुरीभाजीचे डबे. कुणी बेळगावला निघालेले, कुणी हुबळी-धारवाडला, कुणी कोल्हापूरला.

निपाणीच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. त्या लिहितात, "ताई, माझा मुलगा नववीत आहे. शाळेच्या संघातून रोबोटच्या स्पर्धेला गेला होता. रविवारी रात्री दुसऱ्या क्रमांकाचा चषक घेऊन आला, घरात आनंदीआनंद. मंगळवारी सकाळी अंग तापाने फणफणले. चौकशी केली तर संघातल्या पाच मुलांपैकी तीन अंथरुणात. गुरुवारी धाकटी आजारी पडली, शनिवारी सासूबाई. त्यांना दोन रात्री दवाखान्यात ठेवावे लागले. शेजारच्या काकू म्हणतात, चषक मिरवला म्हणून नजर लागली. आमचे हे म्हणतात, बाहेरचे खाणे बाधले. शाळेचे सर म्हणतात, हवा बदलली आहे. यातले खरे काय? आणि फेब्रुवारीत पुन्हा एक स्पर्धा आहे. मुलगा हट्ट धरून बसला आहे. पाठवू की नको?"

पत्र वाचताना एक गोष्ट लक्षात आली. या बाईंनी वार नीट लिहिले आहेत आणि उत्तर त्या वारांतच आहे. बाहेरचे खाणे बाधले तर ते बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कळते. उलट्या होतात, पोट बिघडते. इथे ताप आहे, अंगदुखी आहे, खोकला आहे. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुतेकदा दोन. शनिवार-रविवारी सभागृहात, मंगळवारी मुलगा, गुरुवारी धाकटी, शनिवारी आजी. दोन-दोन दिवसांच्या पायऱ्या उतरत आजार घरात आला. नेमका कोणता विषाणू होता हे तपासणीशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, पण चाल फ्लूची किंवा त्याच्याच भावकीतल्या एखाद्याची दिसते. नजर आणि हवा या दोघींनाही या प्रकरणातून मोकळे सोडायला हरकत नाही.

यातली अवघड गोष्ट अशी, की फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला देऊ लागतो. म्हणजे स्पर्धेत ज्याच्याकडून आजार आला, ते पोर त्या दिवशी कदाचित हसत-खेळत असेल. त्याच्या आईला दोष देऊन काही उपयोग नाही.

विद्यार्थी जमले, आनंद झाला आणि मागोमाग आजार आला, असे आपल्या उंबऱ्याशी घडलेले आहे. फार जुनी गोष्ट नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये धारवाडच्या एसडीएम वैद्यकीय महाविद्यालयात नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचा कार्यक्रम झाला. कोविडची दुसरी लाट ओसरली होती, सगळ्यांना मोकळे वाटू लागले होते. आठवडाभरात तपासण्या झाल्या तेव्हा आधी ६६ जण बाधित निघाले, दुसऱ्या दिवशी आकडा १८२ वर गेला आणि त्यानंतर २८१ वर. वसतिगृहे बंद केली, प्रत्यक्ष वर्ग थांबवले. बाधितांपैकी बहुतेकांनी लसीचे दोन्ही डोस घेतलेले होते आणि बहुतेकांना त्रास सौम्य होता किंवा अजिबातच नव्हता. लसीने आपले काम केले, असाच त्याचा अर्थ मी घेते. लस गर्दीतला संसर्ग पूर्ण थांबवत नाही, पण माणसाला खाटेवर आडवे होण्यापासून पुष्कळदा वाचवते. मात्र ती मुले विशी-बाविशीची होती. त्यांच्या जागी आपली सत्तरीची सासूबाई ठेवून पाहिली, तर 'सौम्य' या शब्दाचा भरवसा वाटत नाही.

त्याआधीची आठवण २००९ ची. त्या वर्षी स्वाइन फ्लू देशात आला. अमेरिकेत नासाचे केंद्र पाहून परतलेल्या पुण्याच्या एका शाळेतल्या मुलांना त्याची लागण झाल्याचे दिसून आले. ती मुले विज्ञानाच्याच ओढीने गेली होती, म्हणून ती बातमी तेव्हा मनाला लागली. पुढे ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात एक चौदा वर्षांची विद्यार्थिनी दगावली. या साथीतला तो देशातला पहिला मृत्यू. पुण्यात शाळा-महाविद्यालये काही दिवस बंद झाली, औषधांच्या दुकानांतले मास्क संपले. आपल्याकडच्या कितीतरी घरांची मुले तेव्हा पुण्यात शिकत होती. रोज रात्री फोनवर "ताप नाही ना रे?" हाच एक प्रश्न असायचा.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात संगणकीय खेळांच्या शौकिनांचा मोठा मेळा भरला होता. पॅक्स असे त्याचे नाव. मेळा संपला आणि शंभराच्या आसपास लोकांना स्वाइन फ्लू झाल्याची नोंद झाली. तिकडे अशा मेळ्यांनंतर येणाऱ्या सर्दी-खोकल्याला 'कॉन क्रड' असे गमतीचे नावच पडले आहे. आपल्याकडे जत्रेहून आल्यावर घसा बसतो, त्याला आपण वेगळे नाव दिले नाही एवढेच. जत्रा झाली म्हणजे घसा बसणारच, असे धरून चालतो.

आता प्रश्न असा, की गर्दी तर लग्नातही असते, बाजारातही असते. मग रोबोटच्या स्पर्धेतच असे काय असते? तिथल्या मांडणीत काही खास गोष्टी आहेत. स्पर्धा भरवणाऱ्यांच्याही त्या पटकन लक्षात येत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पांढऱ्या फळीवर काळी पट्टी चिकटवलेली असते आणि रोबोटने त्या पट्टीवरून वळणे घेत जायचे असते. मुलांच्या स्पर्धांतला हा सर्वांत आवडता प्रकार. त्या गाडीच्या पोटाखाली इन्फ्रारेड किरण सोडणारे आणि टिपणारे छोटे डोळे असतात. पांढऱ्यावरून किरण परत येतात, काळ्यावर ते शोषले जातात, त्यावरून गाडीला रस्ता कळतो. गंमत अशी, की सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड भरपूर असतात. खिडकीतून उन्हाची तिरीप फळीवर पडली, की गाडी भांबावते आणि भलतीकडे वळते. मग मुले रडकुंडीला येतात, सर तक्रार करतात आणि संयोजक सभागृहाच्या सगळ्या खिडक्या लावून जाड पडदे ओढतात. वर डिसेंबर-जानेवारीतली बेळगावची थंडी. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरचे आपले गाव, सकाळी बोचरा वारा, म्हणून दारेही लोटलेली. हलकी गाडी, कागदाची पताका किंवा थर्मोकोलचा ठोकळा वाऱ्याने हलू नये म्हणून पंखे बंद. आत दोन-तीनशे माणसे, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. अशा खोलीत एकाने सोडलेला श्वास दुसऱ्याने घ्यायचा, दुसरा काही मार्गच नसतो.

त्यात आरडाओरडा. आपली गाडी पुढे सरकली, की मुले जिवाच्या आकांताने ओरडतात, आणि ओरडावेच, त्यातच मजा आहे. पण साध्या श्वासापेक्षा बोलताना आणि बोलण्यापेक्षा ओरडताना किंवा गाताना तोंडातून कितीतरी जास्त सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट भागातल्या एका गायकवृंदाने अडीच तास तालीम केली होती. ६१ जण हजर होते, त्यांतला एक आजारी होता. त्याला धरून ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. त्यांनी कुणी धक्काबुक्की केली नव्हती, फक्त बंद खोलीत एकत्र गाइले होते. आपल्याकडच्या भजनी मंडळींनीही हा दाखला लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शिवाय संघाचे बसणे पाहा. एक लॅपटॉप आणि भोवती पाच डोकी, कानाला कान लागलेले. एकच रिमोट पाच हातांतून फिरतो. बिघडलेला भाग पाचही जण तोंडाशी धरून फुंकर मारतात. ही फुंकर मारायची सवय कुठून आली कोण जाणे, पण सगळ्यांना आहे. पिण्याच्या पाण्याचे एक पिंप, त्यावर साखळीने बांधलेला एक पेला. आणि या सगळ्याच्या आधीची रात्र जागून काढलेली. गाडी आदल्या रात्री बिघडते, हा या स्पर्धांचा अलिखित नियमच दिसतो. झोप नाही, जेवण धड नाही, स्वच्छतागृहात रांग म्हणून मुली तर दिवसभर पाणीसुद्धा पीत नाहीत. असे थकलेले शरीर आजाराशी झुंजायला कमी पडते.

एक बारीक गोष्ट मात्र सांगायला हवी. स्पर्धेहून आलेल्या प्रत्येक मुलाचा घसा विषाणूमुळेच दुखतो असे नाही. तारा डाखताना जो पांढरा धूर निघतो तो डाखाच्या तारेतल्या राळेचा असतो. तो घशाला झोंबतो, आणि दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाला त्याचा त्रास वाढू शकतो. ताप नाही, नुसता घसा खवखवतो आणि दिवसभरात उतरला, तर धूर आणि आरडाओरडा हीच कारणे असू शकतात. डाखकाम खिडकीशी बसून करावे, धूर तोंडावर येऊ देऊ नये.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग हव्यातच कशाला या स्पर्धा? आपल्या कन्नड वाचकांच्या घरात याचे उत्तर तयार आहे. "नेगडी बंतेंदु मूगु कोय्दुकोळ्ळबेके?" पडसे आले म्हणून नाक कापून घ्यायचे का?

या स्पर्धा बंद व्हाव्यात असे मला मुळीच वाटत नाही. यंत्राशी खेळणे हे या मातीला नवे नाही. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. त्यातून कडबा कापायचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये त्यांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आज उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा रोबोटचा हात जुळवतो, तेव्हा तो घराण्याचाच धागा पुढे नेत असतो. अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ मध्ये आली, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले आणि पूर्वी फक्त इंजिनिअरिंगच्या मुलांनी पाहिलेल्या वस्तू गावच्या शाळेत आल्या. आशिया-पॅसिफिक भागातली रोबोकॉन स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. २००८ मध्ये ती पुण्यात भरली तेव्हा तिचा विषय होता गोविंदा. रोबोटांनी उंचावरच्या मडक्यातले लोणी काढायचे! २०१४ मध्ये पुन्हा पुण्यात, तेव्हा आई-वडील रोबोट आणि मूल रोबोट, झोका आणि सी-सॉ. २०२२ मध्ये यजमानपद दिल्लीला आणि खेळ लगोरी. लगोरी ही कन्नडमध्येही लगोरीच. बेळगावच्या एखाद्या सभागृहात मराठी शाळेचा संघ आणि कन्नड शाळेचा संघ शेजारी बसतात, एकाची बॅटरी संपली की दुसरा देतो, कुठल्या भाषेत मागितली हे कुणी विचारत नाही. हे दृश्य आपल्या भागात किती मोलाचे आहे, ते वेगळे सांगायला नको.

तेव्हा स्पर्धा हव्यात. प्रश्न खिडक्यांचा आहे, आणि आजारी मुलाने घरी राहण्याचा आहे.

हा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण तिथे मुलाचे मन गुंतलेले असते. तीन महिने खपून गाडी तयार केली. आज्ञावली एकट्यालाच येते. शुक्रवारी रात्री त्याला कणकण वाटू लागते. घरच्यांना कळते, पण "तो नाही गेला तर संघ बाद होईल" म्हणून क्रोसिनची गोळी देऊन पाठवतात. गोळीने ताप उतरतो, विषाणू तसाच राहतो. ते पोर दिवसभर लॅपटॉपभोवती चार मित्रांच्या तोंडाशी तोंड लावून बसते. आईला मी दोष देत नाही. सगळी विद्या एकाच डोक्यात राहू देणाऱ्या संघाच्या रचनेत चूक आहे. नाटक कंपनीत प्रत्येक महत्त्वाच्या भूमिकेला बदली नट तयार असायचा, कारण नायकाचा घसा बसणार हे मालकाला ठाऊक असायचे. शाळेच्या सरांनी आज्ञावली दोघांना, गाडी चालवणे दोघांना शिकवून ठेवले, तर ऐनवेळी कुणाच्या घरी रडारड होणार नाही. संयोजकांनीही प्रवेशपत्रात एक ओळ घालावी, की आजारपणामुळे गैरहजर राहिलेल्या मुलालाही संघाबरोबरच प्रमाणपत्र मिळेल. काही शाळा शंभर टक्के हजेरीचे बक्षीस देतात, तेही मला खटकते. तापात शाळेत आलेल्या मुलाचे आपण कौतुक करतो आणि त्याच्या बाकावरची दुसरी दोन मुले पुढच्या आठवड्यात हजेरी चुकवतात.

खिडक्यांचा प्रश्न मात्र मुलेच सोडवू शकतील. बंद खोलीतली हवा किती शिळी झाली आहे हे कार्बन डायऑक्साइडवरून कळते, कारण तो आपल्या प्रत्येकाच्या उच्छ्वासातून बाहेर पडतो. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे सव्वाचारशे भाग असते. माणसांनी भरलेल्या बंद सभागृहात तासाभरात ते दोन हजारांवर जाऊ शकते. आकडा आठशे-हजाराच्या आत राहिला, तर हवा खेळती आहे असे ढोबळ मानाने समजावे. हे मोजणारे यंत्र नववीचा मुलगा आर्डुइनोवर बांधू शकतो. फक्त सेन्सर घेताना नीट बघावे. बाजारात एमक्यू-१३५ नावाचा स्वस्त सेन्सर मिळतो, पण त्याला धूर, अमोनिया, दारूची वाफ असे अनेक वास कळतात. त्याचा आकडा या कामाला भरवशाचा नाही. एमएच-झेड१९ सारखा सेन्सर महाग पडतो, पण तो इन्फ्रारेड किरणांनी नेमका कार्बन डायऑक्साइडच मोजतो. पाहा योग कसा, ज्या इन्फ्रारेडमुळे खिडक्या बंद कराव्या लागल्या, तोच खिडक्या कधी उघडायच्या ते सांगणार. एखाद्या शाळेने हेच यंत्र स्पर्धेच्या दिवशी व्यासपीठाजवळ टांगले आणि आकडा पडद्यावर दाखवला, तर परीक्षकांनी त्या संघाला वेगळे बक्षीस द्यावे, असे मी सुचवेन.

उन्हाचे काय, तर फळीपुरता मांडव घालता येतो. जिथे रोबोट धावतो तिथे वरून आणि बाजूने कापड लावावे आणि बाकीचे सभागृह मोकळे ठेवावे. आपल्या जुन्या कौलारू शाळांना उंच छप्पर आणि वर झरोके असायचे. तिथे पन्नास मुलांच्या वर्गात हवा कोंडत नसे. नवी सभागृहे वातानुकूलित असतात, आणि पुष्कळदा ते यंत्र बाहेरची हवा आत न घेता आतलीच हवा थंड करून फिरवते. हे संयोजकांनी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रिशियनला विचारून घ्यावे. दर फेरीनंतर दहा मिनिटे दारे-खिडक्या सताड उघडल्या तरी फरक पडतो. संघांची बसायची जागा शक्यतो व्हरांड्यात करावी. जेवण बाहेरच्या मैदानात. पेला साखळीचा नको, प्रत्येकाने आपली बाटली आणावी.

आता घरचे. मूल स्पर्धेहून आले की आंघोळ आणि गरम जेवण, आणि मुख्य म्हणजे झोप. मग पुढचे चार दिवस त्याच्यावर जरा लक्ष. आजी-आजोबांच्या खोलीत झोपणारे मूल असेल तर तेवढे दिवस त्याचे अंथरूण दुसरीकडे घालावे. आजीला वाईट वाटेल, पण समजावून सांगितले तर तीच म्हणेल, "अगं, आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, प्लेगात लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत." अंतर राखणे आपल्या घरांना नवे नाही. निपाणीच्या बाबतीत हे मी जरा जोर देऊन लिहिते. तंबाखूच्या वखारीत किंवा घरी विड्या वळण्यात ज्यांची हयात गेली, अशा आज्या आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांची फुप्फुसे आधीच धुळीने शिणलेली असतात. नातवाला जो आजार चार दिवस खोकवतो, तो त्यांना खाटेला खिळवू शकतो. मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांचेही तसेच, आणि गरोदर सुनेचेही.

अशांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. सरकारी बाल-लसीकरणाच्या नेहमीच्या यादीत ती नाही, त्यामुळे ती विकत घ्यावी लागते आणि म्हणूनच ती राहून जाते. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती वर्षातून एकदा घ्यायची. आपल्याकडे फ्लूचे दोन हंगाम, पावसाळ्यात एक आणि जानेवारी ते मार्च दुसरा. घरातल्या वृद्धांना ताप आला तर "बघू दोन दिवस" म्हणू नये. फ्लूवरचे ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केले तर जास्त उपयोगी पडते, आणि द्यायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा विश्रांती, पातळ पदार्थ आणि वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल एवढे पुरते. ऍस्पिरिन मुलांना देऊ नये. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नये. ते जिवाणूंवर चालते, फ्लूच्या विषाणूवर नाही. आपल्या स्वयंपाकघरात जे आहे ते चांगलेच आहे. मराठी घरातली पेज काय किंवा कन्नड घरातली गंजी काय, एकच वस्तू. मिरे-जिऱ्याचे गरम सारू घशाला आराम देते. वर्षाच्या वरच्या मुलाला खोकल्यासाठी चमचाभर मध चालतो. पातेल्यात उकळते पाणी घेऊन लहान मुलाला वाफारा देणे मात्र टाळावे, पातेले उलटून भाजल्याच्या घटना नेहमी घडतात.

श्वास जलद होऊ लागला, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, ओठ निळसर दिसले, मूल गुंगीत राहू लागले किंवा सात-आठ तास लघवीच झाली नाही, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. आणखी एक खूण पुष्कळांना माहीत नसते. ताप उतरून मूल हिंडू-फिरू लागले आणि दोन दिवसांनी पुन्हा जोराचा ताप आणि खोकला आला, तर तो न्यूमोनिया असू शकतो. तो उशीर करण्यासारखा आजार नाही.

कोगनोळीच्या नाक्यावर २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्या गाड्या अडवून आरटी-पीसीआरचा अहवाल मागत होते, ते आपण विसरलेलो नाही. कागलला सासर आणि निपाणीला माहेर असलेल्या लेकींना आईला भेटायला कागद दाखवावा लागे. ते दिवस गेले. आता कोल्हापूरचा संघ बेळगावला येतो, बेळगावचा गडहिंग्लजला जातो, कुणी काही विचारत नाही आणि विचारू नयेच. पण म्हणूनच शुक्रवारी रात्री मुलाच्या कपाळाला हात लावून पाहण्याचे काम आता नाक्यावरच्या पोलिसाचे नाही, आपल्या घराचे आहे.

राहिला आपल्या भगिनीचा शेवटचा प्रश्न. फेब्रुवारीत पाठवावे. मुलगा नववीत आहे, वेळ आहे. दहावीत असता तर मी वेगळे लिहिले असते, कारण फेब्रुवारीच्या शेवटी आलेला फ्लू आठवडाभर घेतो आणि नंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, म्हणजे एसएसएलसीच्या पहिल्या पेपरपर्यंत. पाठवताना सरांना आधी फोन करून सभागृह कसले आहे, संघ कुठे बसणार, रात्री मुक्काम आहे का, एका खोलीत किती मुले झोपणार, हे विचारून घ्यावे. सर चिडणार नाहीत, चिडले तरी हरकत नाही. पिशवीत पाण्याची बाटली, दोन रुमाल आणि दोन चांगले मास्क द्यावेत. एक आपल्या मुलासाठी, आणि एक संघात जो शिंकत असेल त्याच्यासाठी. आणि आज्ञावली दुसऱ्या एखाद्या मुलाला शिकवायला आजच सांगावे, जानेवारी संपायच्या आत.